विधवा ब्रिजेटचा नवरा

मालिनी गेरिटी मूळची अमरावतीची. ग्रंथालयशास्त्र शिकायला मिशिगनला आली, तिथंच डेनिस गेरिटीशी लग्न केलं आणि नोव्हायला संसार थाटला. डेट्रॉइटकडच्या एका ग्रंथालयात ती जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्मचा विभाग सांभाळायची. माणसं येत, अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसून आपापले पणजोबा शोधत. कुणाला सापडत, कुणी डोळे चोळत घरी जात.

१९८४च्या हिवाळ्यात हे काम तिच्याच घरात आलं. तिचे सासरे फ्रान्सिस मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी उलटलेले, मोजकं बोलणारे. मुलाच्या लग्नाला आले होते, पण फोटोत उभे राहिले नव्हते. सुनेकडे त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. एके दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, "माझ्या आजोबांचं गाव शोधून दे. आयर्लंडमधलं. एकदा जाऊन यावं म्हणतो."

आजोबांची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मायकेल गेरिटी उत्तर मिशिगनमध्ये तांब्याच्या खाणीत कामाला होता. १८९४ साली खाण कोसळली आणि तो आतच राहिला. प्रेत मिळालं नाही. आजी ब्रिजेटनं पोरं एकटीनं वाढवली आणि त्याच्या नावानं चर्चमध्ये मेणबत्ती लावत राहिली.

मालिनी शोधायला बसली, पण माणूस भलताच निसटता निघाला. जनगणनेचा कारकून कानावर पडेल तसं नाव लिहायचा. एकदा गेरिटी, एकदा गेराटी, एका ठिकाणी चक्क गॅरेट. दहा वर्षांनी पुढच्या नोंदीत बघावं तर वय सहाच वर्षांनी वाढलेलं. आयर्लंडच्या रॉसकॉमन भागातल्या एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याच नावाची तीन पोरं सापडली, तिन्ही आगेमागे जन्मलेली. आपला कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. आणि खाणीत मेलेल्यांच्या नावांत मायकेल कुठेच नव्हता.

ही गोष्ट मालिनीच्या मनाला टोचत राहिली. मग एका दुपारी १९०० सालच्या जनगणनेच्या रिळावर तिला राज्याच्या दक्षिणेकडच्या वेड्यांच्या इस्पितळाचं पान दिसलं. मायकेल गेराटी, खाणकामगार, जन्म आयर्लंड, विवाहित. त्याच वर्षी, त्याच जून महिन्यात, उत्तरेकडच्या कारकुनानं ब्रिजेटपुढे लिहिलं होतं: विधवा. नावासारखं नाव असेल म्हणून मालिनीनं रीळ गुंडाळलं. पण नुकत्याच खुल्या झालेल्या १९१० सालच्या नोंदींतही तो तिथंच होता. शेवटी एका शनिवारी ती गाडी काढून त्या गावी गेली. तिथल्या पाद्र्यांनी दफनाच्या नोंदी उघडून दाखवल्या. मृत्यू १९१३. पत्नीचं नाव ब्रिजेट, आणि पुढे उत्तरेकडच्या तिच्या खाणीच्या गावाचं नाव.

परत येताना मालिनीला गाडी रस्त्याकडेला थांबवावी लागली. अमरावतीत तिच्या वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, तिनं गोऱ्याशी लग्न केल्याचं कळताच तिच्या नावानं अंघोळ केली होती. कुणी विचारलं तर मला एकच मुलगा, असं ते सांगत. जिवंत माणसाला मेलेलं कसं करतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

डेनिस म्हणाला, "गाव सापडलं नाही, एवढंच सांग ना."

"डॅड भेटले की हेच विचारतात, डेनिस. तोंडावर खोटं कसं बोलू?"

तिनं सांगितलं. फ्रान्सिस आधी म्हणाले, "चुकीचा माणूस धरलास तू." तिनं नकला पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. "म्हणजे मी पाच वर्षांचा होईपर्यंत तो होता," असं म्हणून ते कॉफी तशीच टाकून उठले.

पुढे कित्येक महिने त्यांनी नोव्हायला पाऊल टाकलं नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीचा, रोझलीनचा, फोन मात्र आला. "आमच्या घरात येऊन आमचीच माणसं वेडी ठरवायला तुला सांगितलं कुणी?" मालिनीनं ऐकून घेतलं. आपण हे त्यांच्यासाठी केलं की आपल्या मनातला कसला तरी राग काढला, असं तिला वाटू लागलं आणि झोप उडाली.

उन्हाळ्याच्या शेवटी फ्रान्सिस स्वतःच म्हणाले, "मला तिथं घेऊन चल."

इस्पितळामागच्या माळावर बुटके दगड होते. दगडांवर फक्त आकडे. कोणता आकडा कुणाचा, याची नोंद केव्हाच गहाळ झालेली. फ्रान्सिस एकेका दगडाशी थांबत, "हा असेल?" विचारत.

"सांगता येत नाही, डॅड."

शेवटी त्यांनी टोपी काढली आणि कुठल्याच दगडाकडे न बघता प्रार्थना म्हटली.

गाडी परत निघाली. मग ते म्हणाले, "वेड्याच्या पोरांना काम कोण देणार? म्हणून केलं असेल तिनं." थोड्या वेळानं आवाज चढला. "पण तिनं एकदा तरी यायचं होतं त्याला बघायला." मग अचानक त्यांनी विचारलं, "तुझे वडील आहेत ना? कधी बोलली नाहीस."

मालिनीनं गाडी चालवता चालवता सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"फोन कर त्यांना," ते म्हणाले.

"ते बोलणार नाहीत."

"ते त्यांचं ते बघतील."

तिनं केला. भाऊ पुरुषोत्तम हळू आवाजात म्हणाला, "अण्णा पूजेला बसलेत." पुढच्या वेळी अण्णा बाहेर गेले होते. त्याच्या पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच उचलला. ती "अण्णा" म्हणाली. पलीकडे श्वास ऐकू येत होता. त्यांनी फोन ठेवला, पण लगेच ठेवला नाही. त्यानंतर कधी त्यांनी उचलला नाही, आणि दोन वर्षांनी ते गेल्याचं पुरुषोत्तमनं कळवलं.

फ्रान्सिस त्याच्या आधीच गेले होते, १९८६च्या शरदात. आयर्लंडला जाणं राहूनच गेलं. मात्र अंथरुणाला खिळण्यापूर्वी त्यांनी कारागीर बोलावून ब्रिजेटच्या कबरीच्या दगडावर मायकेलचं नाव कोरून घेतलं होतं, मृत्यूचं खरं साल घालून. रोझलीननं त्यांच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. भावाच्या दफनाच्या दिवशी ती ब्रिजेटच्याच त्या कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आली. डेनिस तिला आत आणायला गेला तेव्हा म्हणाली, "ते नाव तिथं असेपर्यंत मी येणार नाही," आणि गाडीत जाऊन बसली.