उसाची पाळी आणि काश्मीरचं तिकीट

"ताई, विमान आठ दिवस थांबवता येतंय का?"

महादेव काका दारातच उभे होते. माझ्या हातातला चहा हिंदकळला. वीस वर्षं या धंद्यात काढली, पण विमान थांबवा म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं.

"काका, कुणासाठी एसटी थांबत नाही, विमान काय थांबतंय? आधी बसा. झालं काय?"

"तोड आली," काका म्हणाले आणि धपकन खुर्चीत बसले.

ढोकीत स्टँडजवळ माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मनात येईल तेव्हाच चालणारा प्रिंटर. इथं ऑफिस चालवायचं तर रेल्वे-विमानाच्या टाइमटेबलाइतकंच उसाचंही टाइमटेबल माहीत पाहिजे. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं ऊस मालकाच्या मनानं तुटत नाही. लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख कारखान्यात नोंदवायची, त्या क्रमानं पाळी लागते. पाळी आली की तोडणाऱ्यांची टोळी शेतात येते. त्या दिवशी मालक हजर पाहिजे, ट्रॉलीला वाट पाहिजे. काही अडलं तर टोळी पुढच्या शेतात निघून जाते. मग बसा महिनाभर वाट बघत. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं, वर्षाची मेहनत उभ्या उभ्या वाळते.

काकांची पाळी आली होती तेरा जानेवारीला. आणि काका-काकूंचं पुण्याहून श्रीनगरचं विमान होतं बाराला.

ते तिकीट मी काढलेलं नव्हतं. दिवाळीत दोघं माझ्याकडं येऊन गेले होते. मी सगळा प्लॅन कागदावर मांडून दिला, कोटेशन दिलं, चहा पाजला. दोन दिवसांनी काकांचा फोन आला, "ताई, आमची दीपाली म्हणते, एजंट कशाला, मी मोबाईलवर धा मिनिटांत करते." दीपाली त्यांची लेक, पुण्यात कंपनीत आहे. तिनं खरंच केलं. विमान, हॉटेल, गाडी, सगळं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? म्हणून काकांचा पडलेला चेहरा बघून पहिल्यांदा मनात आलं, बरी जिरली.

मग माझं लक्ष बाहेरच्या बाकड्याकडं गेलं. शालन काकू तिथं बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी जांभळी लोकरीची टोपी. ढोकीत लोकरीची टोपी शोधायला किती दुकानं हिंडावी लागतात, ते मला माहीत आहे. मला माझीच लाज वाटली.

काकूंना बर्फ बघायचा होता. दिवाळीत मला म्हणाल्या होत्या, "लग्न झाल्यापास्नं म्हणतेय वो ताई. पर बर्फ पडतो तवाच आमचा ऊस तुटतो. आमी मोकळं झालो की तिकडं बी ऊन." तीस वर्षं हेच चाललेलं. गेल्या साली पाळी फेब्रुवारीत आली होती, म्हणून काकांनी यंदाही फेब्रुवारीच धरली आणि जानेवारीला एकदाची मान हलवली. यंदा कारखाना लवकर सुरू झाला आणि सगळ्यांच्याच पाळ्या अलीकडं आल्या.

मी काकूंना आत बोलावलं, काकांच्या मोबाईलवरचं बुकिंग तपासलं, हॉटेलला फोन केला आणि मग दीपालीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मावशी, मी सगळं नीट कंपेअर करून काढलंय," ती आधीच रडकुंडीला आलेली. "सगळ्यात स्वस्त तेच होतं."

"स्वस्त म्हणूनच पैसे परत मिळत नाहीत त्याचे, बाळा. तारीख बदलायची तर नव्या तिकिटापेक्षा जास्त लागतायत. हॉटेलवाला तर बोलायलाच तयार नाही. तारीख ठरवली कशी तू?"

"फेअर कॅलेंडर बघून. कुठल्या दिवशी तिकीट स्वस्त ते त्यात दिसतं."

"आणि तोडीचं कॅलेंडर?"

मी मोठ्या तोऱ्यात कपाटातून माझं जुनं कोटेशन काढलं. म्हटलं, पोरीला दाखवूनच देते एजंट म्हणजे काय असतो ते. कागद उघडला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या कोटेशनवर जायची तारीख होती अकरा जानेवारी. भाडंही त्याच प्रकारचं, परत न मिळणारं. मीही त्यांना पाळीचं विचारलं नव्हतं. उसाच्या गावात बसून, वीस वर्षांचा अनुभव सांगत! मी कागद गुपचूप घडी करून ड्रॉवरमध्ये ढकलला. काकूंनी बघितलं असावं.

"माझ्या जागी दीपालीला धाडा," काका म्हणाले.

"विमानाच्या तिकिटावर दुसऱ्याचं नाव घालता येत नाही, काका."

"मग हिला एकटीला जाऊ द्या."

"म्या एकटी बर्फ बघून काय करू?" काकू फणकारल्या. "तितं कुणाला म्हनू, आवो हे बघा म्हनून?" मग पिशवीतली टोपी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या ताई. कुनी गिऱ्हाईक तिकडं जानारं असंल, त्याला द्या ही. नवी हाय."

टोपीला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. काका खिडकीतून बाहेर कुठल्या तरी ट्रकचा नंबर वाचत बसले.

"विमान सरकत नाही ना?" मी म्हटलं. "मग ऊस सरकवू."

मी सलीमभाईंना फोन लावला. सलीमभाई कारखान्याचे चिटबॉय. नावात बॉय असला तरी माणूस पन्नाशीचा, चष्म्याचा. कुणाची पाळी कधी, टोळी कुठल्या शेतात, हे शेतकऱ्याला तेच सांगतात. त्यांच्या घरच्यांना मी अजमेरला पाठवलं होतं, तेव्हापासून मला आपा म्हणतात.

"आपा, पाळी म्हणजे काय एसटीची सीट हाय का? इकडनं उठा न् तिकडं बसा?"

"भाई, रस्ता असतोच. सांगा ना."

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज. "पाळी रद्द होणार न्हाय. पण अदलाबदल होती. म्होरला नंबर देविदासचा. दोघांच्या लागणीत दोनच दिवसांचा फरक. दोघं राजीखुशीनं सही देत असतील, तर शेतकी साहेबास्नी विचारतो. देविदासचा चार एकर हाय. टोळी तितं आठ दिवस अडकंल. तवर महादेवभाऊ काश्मीर करून येत्याल."

मी टाळीच वाजवली. काका मात्र खुर्चीतून उठले. "देविदासच्या दारात म्या जानार न्हाय."

सहा वर्षांपासून दोघांचं बोलणं बंद होतं. शेताला शेत लागून, आणि रामराम नाही! का ते काका सांगेनात. काकूंनाही धड माहीत नव्हतं. काकू उठल्या, टोपी परत पिशवीत घातली आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमची गाडी काढा. म्या येते."

मी स्कूटीवर काकूंना मागं बसवलं आणि निघाले. आरशात बघितलं तर काका मोटरसायकलवर मागोमाग. येणार नव्हते ना!

देविदास अंगणात म्हशीला पेंड घालत होता. काकूंना बघून उठला, काकांना बघून परत बसला. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतला संशय वाढत होता. लवकरची पाळी इथं कुणी सख्ख्या भावाला देत नाही.

"पाळी फुकट सोडतोय? महादेव? ताई, खरं काय ते सांगा."

"बर्फ बघायचाय वो भावजी," काकू म्हणाल्या आणि पुरावा म्हणून टोपी काढून दाखवली.

देविदासनं टोपीकडं बघितलं, काकांकडं बघितलं आणि असा हसला की म्हैस दावं ओढून मागं सरली. हसून झाल्यावर मात्र मुद्द्यावर आला.

"पाळी घेतो की. म्या कशाला न्हाय म्हनू? पर वाट कुठनं?"

इथं घोडं अडलं. देविदासचं शेत काकांच्या मागं. एरवी काकांचा ऊस आधी तुटायचा आणि त्या मोकळ्या रानातून देविदासची ट्रॉली निघायची. आता देविदासचा ऊस आधी तुटायचा, म्हणजे ट्रॉलीला काकांच्या उभ्या उसातून वाट हवी.

"सहा वर्सांमागं हीच वाट मागितली हुती म्या," देविदास म्हणाला. "माझी पाळी आधी लागली हुती. तवा काय म्हनला हुतास, सांग की वहिनीच्या म्होरं."

काकांनी मान फिरवली. मग देविदासनंच सांगितलं. "म्हनला, म्या जित्ता हाय तवर माझ्या उसातनं तुझी ट्रॉली जानार न्हाय. माझा ऊस महिनाभर उभा वाळला, ताई."

काकू नवऱ्याकडं वळल्या. "आसं म्हनला व्हता तुमी?"

मला वाटलं, झालं, आता काश्मीरही गेलं आणि घरातही भांडण लावून दिलं मी. काका मग देविदासकडं न बघताच म्हणाले, "किती सरी लागत्याल?"

सरी म्हणजे उसाची एक ओळ.

"तीन."

"चार घे. ट्रॉली रुतायला नको."

देविदास आत बघून ओरडला, "चहा ठेव गं, महादेव आलाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून त्या चार सऱ्या स्वतःच्या हातानं तोडल्या. वरचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, देविदासच्या म्हशींना गेले. सलीमभाईंनी दोन सह्या घेतल्या, साहेबांनी मान डोलावली. बाराला काका-काकू विमानात बसले. खिडकीची सीट कुणाला, यावरून पुणे विमानतळावरच वाजलं, असं दीपालीनं कळवलं.

चौथ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. काकू गुडघाभर बर्फात, डोक्यावर जांभळी टोपी, नाक लालभडक. एक मूठ बर्फ फोनसमोर धरून नुसत्या उभ्या. मग म्हणाल्या, "ताई, हात बधिर झाला वो. पर सोडावं वाटंना."

मी ऑफिसात एकटी होते ते बरं झालं. गिऱ्हाईकासमोर डोळे पुसणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात काकांनी फोन ओढून घेतला. "देविदासची ट्रॉली निघाली का?"

"निघाली, काका. चौथी सरी लागलीच."

"म्या म्हनलंच हुतं!" काकांना बर्फापेक्षा याचाच आनंद जास्त झालेला दिसला. ते परत आल्यावर एकवीसला त्यांचा ऊस तुटायला लागला. चहाची किटली घेऊन बांधावर देविदास हजर.

लोक मला विचारतात, तिकीट एजंटकडून काढावं की आपलं आपण? मी खरं सांगते. मोबाईल चालवता येत असेल तर आपलं आपण काढा, त्यात काही जादू नाही. तारीख मात्र गावात विचारून ठरवा. आणि अडलात तर या, पण मीही चुकते हे ध्यानात ठेवून या. माझ्या बुकिंगच्या फॉर्मवर आता नावाच्याही आधी एक ओळ असते, "ऊस आहे का? पाळी कधी?" मुरुम गावच्या एका गुरुजींनी परवा ती वाचून विचारलं, "मॅडम, मला बालाजीला जायचंय, ऊस कशाला?" मी म्हटलं, "सर, नाही लिहा आणि पुढं चला."

गेल्या आठवड्यात दीपालीचा फोन आला.

"मावशी, आता आई-बाबांना अंदमानला पाठवायचंय. पण तिकीट मीच काढणार हं."

"काढ की."

"काढते. तारीख सांगा ना."

"थांब," मी म्हटलं, "सलीमभाईंना विचारते."