लेट यू गो, लेट इट गो

गावातून निघाले त्या दिवशी बाबांनी मोटरसायकलवर नरखेड स्टेशनपर्यंत सोडलं. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत एवढंच म्हणाले, "इंग्रजीले घाबरू नोको वं. बोलता बोलता येते."

नागपुरात परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलने उत्तरं देणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. काटोलची रोहिणी माझी रूममेट आणि टीममध्ये सिनियर. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, असं ती मला भाजी चिरता चिरता शिकवायची. माझा पासवर्डही तिला पाठ होता.

एकदा मी जेवायला गेले असताना तिने माझ्या लॉगिनवरून एका ग्राहकाला दुसऱ्याचीच माहिती पाठवली. घाईत, चुकून. खोलीवर येऊन रडली. "उद्या मीच सांगतो सरले," म्हणाली. मी तिला जेवू घातलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघींना बोलावलं. रोहिणी टेबलाकडे बघत म्हणाली, "सर, मला यातलं काही माहीत नाही." मी तिच्याकडे वळले. तेवढ्यात सर म्हणाले, "वुई हॅव टू लेट यू गो." मला वाटलं, सोडलं, जा म्हणतायत. मी हसून "थँक यू सर" म्हटलं. बाहेर एचआरच्या मुलीने ओळखपत्र परत मागितलं, तेव्हा कळलं.

संध्याकाळी रोहिणीने खांद्यावर हात ठेवला. "तुले दुसरी मिळून जाईन. लेट इट गो ना यार." शब्द जवळपास तेच. सरांच्या तोंडी त्यांचा अर्थ काढून टाकलं, तिच्या तोंडी विसरून जा. हा फरक तिने कधी शिकवला नव्हता. त्याच आठवड्यात मी खोली बदलली. आता दुसरीकडे कामाला आहे, इंग्रजीही बरं झालंय. पण ते थँक यू आठवलं की अजून कान तापतात.

नोकरी गेल्याचं घरी दोन महिने लपवलं होतं. शेवटी फोनवर सांगितलं, तर दुसऱ्या सकाळी बाबा दारात. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट.

"कोठी आहे तुया साहेबाचं ऑफिस? चाल, मी येतो संगं."

"बाबा, बसा तर आधी."

"बसाले नाही आलो."

मी त्यांना नेलं नाही. चहा केला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

गावच्या पोरींनो, नागपूरला या, खुशाल या. पण घर कुठलं असं कोणी विचारलं, तर आता मला आधी गाव आठवत नाही. चप्पल न काढता दारात उभा राहिलेला तो माणूस आठवतो.