खड्ड्याचं झबलं

नसरापूरच्या आमच्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपलं की लिफ्ट बंद, आणि मी चौथ्या मजल्यावर कोंडलेली. पाली गावात बहिणीच्या नातीचं लग्न तोंडावर आलेलं. शेवटी जिना बसत-उठत उतरले आणि खड्डा दुरुस्त करायला आलेल्या माणसासमोर खुर्ची टाकून बसले.

कारखान्यातून मापानं जोडून आणलेलं जाड प्लॅस्टिकचं अस्तर त्यानं बाजूला ठेवलं होतं. चपला बाहेर, अंगठी खिशात. एखादा खडा अस्तराला टोचू नये म्हणून तो तळावरून हात फिरवत होता, तान्ह्याला निजवायची जागा चाचपावी तसा.

"खड्ड्याला झबलं घालताय व्हय?" मी विचारलं.

"व्हय आज्जी. अंगाला नीट बसलं म्हंजे झालं."

"आन् भिंतीतनं पानी येतंय त्याचं?"

"येऊ द्या की! जमिनीला गप बस म्हनलं तर ती बसती का? आपन निस्तं आत घ्यायचं न्हाई."

मला हसूच फुटलं. वेल्ह्याला सासरी नवी होते, तेव्हा सासूबाईंनी भाजीत मीठ कमी म्हटलं तरी मी गोठ्यात शेळ्यांपुढे रडत बसायची. शेळ्यासुद्धा कंटाळून तोंड फिरवायच्या. काय ते येडं ध्यान! या माणसाला तेव्हाच माझं माप द्यायला हवं होतं.

खड्डा कोरडा राहिला. लग्नाच्या दिवशी मी नऊवारी नेसून, लिफ्टचं बटण दाबून ऐटीत खाली आले.

मांडवात बहिणीची विहीण म्हणाली, "या वयात कशाला वो धडपडत आलासा?"

मी जिलबीवाल्याला हाक मारून आणखी दोन वाढून घेतल्या.