मेलेल्या वीराला उठवणारे गृहस्थ

तेव्हा मी खोडाळ्याच्या शाळेत नवा मास्तर होतो. एका बाजारच्या दिवशी तिथे मुक्या सिनेमाचा तंबू आला. चित्र जुन्या उर्दू दास्तानीवरचं होतं. त्यात हवेत उडणारा वीर होता आणि डोंगराएवढा जिन्न. पडद्याशेजारी उभे राहून लाल फेट्यातले एक गृहस्थ गोष्ट सांगत होते. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. वीर उडाला की तेही टाचा उंचावत. जिन्न कुणाला कळेना, तेव्हा म्हणाले, "अरे, भूतच, पण परमुलखातलं!"

शेवटी जिन्नाने वीराला भाल्याने पाडलं आणि रीळ संपलं. पुढचं रीळ घाटात गाडीतून पडून हरवलं होतं. लोक उठले, पण पुढे बसलेली एक म्हातारी हलेना.

"आधी त्याला उठव," ती रडत म्हणाली. "तवर मी नाय उठायची."

गृहस्थांनी मिशी चावली आणि यंत्रवाल्याला हँडल उलटं फिरवायला सांगितलं. भाला छातीतून निघून जिन्नाच्या हातात गेला. वीर ताडकन उभा राहिला. जिन्न उलट्या पावलांनी गुहेत शिरला.

"बघा, घाबरून पळाला!" गृहस्थ गरजले. तंबू टाळ्यांनी दणाणला.

"मूळ गोष्टीत असं नसणार," मी त्यांना हळूच म्हणालो.

"नसेल. पण मास्तर, मूळ गोष्ट काही इथे रडत बसली नव्हती."

तेवढ्यात म्हातारीने पदरातली नागलीची भाकर त्यांच्यापुढे धरली. "दमला असंल तो. त्याला घाल."

"घालतो, आई," म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.