शेजारच्या मावशीची आमसुलं

कढीसाठी आमसुलं भिजवली, की त्या आंबट वासाने मला नववीचं वर्ष आठवतं. पेडण्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला हरित ऊर्जेचा विषय होता आणि मी उन्हावर चालणारी वाळवणाची पेटी केली होती, वरून काच आणि आतून काळा रंग दिलेली. शेजारची मावशी बाजारात आमसुलं विकायची. माझ्या शब्दावर तिने भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, अर्धी सालं त्या पेटीत घातली. दमट हवा जायला मी भोकं फार कमी ठेवली होती, त्यामुळे सगळ्या सालांवर पांढरी बुरशी धरली. मावशीने ती माडाच्या मुळात ओतली. परीक्षक आले त्या दिवशी मी रिकाम्या पेटीजवळ उभी होते, तेवढ्यात मावशी वर्गात आली आणि अंगणात सुकवलेली आमसुलं पिशवीतून काढून पेटीतल्या जाळीवर पसरू लागली. "मावशी, नको," मी म्हटलं. "गप रव गे, बाय." परीक्षकांनी तिलाच विचारलं, "मावशी, पेटीचा उपयोग होतो का?" ती ठासून म्हणाली, "खूप उपयोग जाता, सायबानू! आता माका आभाळाकडे बघूचा लागणा नाय." टाळ्या वाजल्या. माझे कान तापले, तरी मी जाळीवरची आमसुलं सारखी करत राहिले. बाहेर तिने हळूच विचारलं, "पास झालंस गे?" मी खाली बघून होकारार्थी मान हलवली. पेटी मी नंतर दुरुस्त केली, ती आता उत्तम चालते. मावशी मात्र अजून अंगणातच सालं सुकवते आणि ढग आले की ती उचलायला धावते. तिला पेटी वापर म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही.