आठवडाभर जुना सूर्यास्त

सहाला दहा मिनिटं कमी होती आणि सूर्य गायब होता. मी पाचूबंदरच्या धक्क्यावर ट्रायपॉड लावून उभी होते. तारीख ३१ डिसेंबर. ज्या दैनिकाला मी वसईतून फोटो पाठवायचे, त्याला पहिल्या पानासाठी दरवर्षी एक फोटो लागायचाच: सरत्या वर्षाचा शेवटचा सूर्यास्त. लाल गोळा, खाली समुद्र, मध्ये एखादी होडी. वाचकांना तो हवा, म्हणून संपादकांना हवा, म्हणून मला हवा.

पण थंडीत आमच्याकडे धुरकं फार. सूर्य पाण्यापर्यंत पोचतच नाही. क्षितिजाच्या चार बोटं वर असतानाच चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा विरघळतो. त्या दिवशी तर तेवढाही दिसला नाही. आभाळ नुसतं राखाडी. ओहोटी होती. बोटी चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत कुठूनसा आलेला फिकट गुलाबी रंग साठला होता.

सूर्यास्ताचा खरा रंग सूर्य गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी चढतो. नवखे लोक त्याआधीच बॅग भरून चालू लागतात. म्हणून मी थांबले. रंग काही चढला नाही, तरी सवयीनं दहा-बारा फ्रेम घेतल्या. एक कुत्रा चिखल तुडवत लांब पाण्याकडे गेला. त्याच्या पावलांची रांग दिसत राहिली, मग तीही दिसेनाशी झाली. खरं सांगते, तेवढा वेळ मला पेपर, पान, डेडलाइन कशाचीच आठवण नव्हती. इतकं शांत मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मग फोन वाजला. आमचे फोटो एडिटर, म्हणजे कुठला फोटो छापायचा ते ठरवणारे. ऑफिसात सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"पान अडलंय. सूर्य कुठाय?"

"पाठवते," मी म्हटलं.

आठवड्यापूर्वी त्याच धक्क्यावर काढलेला एक फोटो माझ्या फोनमध्ये होता. शेंदरी सूर्य, भरलेलं पाणी, तरंगणाऱ्या बोटी. डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला ते लिहिलेलं असतं. पण व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की ही माहिती गळून जाते. मला हे चांगलं माहीत होतं आणि म्हणूनच मी तो तसा पाठवला. तेव्हा मनाशी म्हटलं, सूर्य तोच, समुद्र तोच, कुणाचं काय बिघडतंय.

फोटो झकास छापून आला. दोन दिवस कौतुकाचे फोन येत होते आणि मी ते बिनदिक्कत घेत होते.

दहाएक दिवसांनी विल्सन नावाचा तरुण माझ्या स्टुडिओत आला. पाचूबंदरचाच. घरची बोट, हा मात्र कंपनीत नोकरीला. त्याच्या हातात त्या फोटोचं कात्रण होतं. ३१ तारखेला संध्याकाळी, अगदी सूर्य मावळायच्या वेळी त्याला मुलगी झाली होती. येत्या रविवारी तिचा बाप्तिस्मा होता. त्याला हा फोटो मोठा करून, खाली मुलीचं नाव, तारीख आणि वेळ घालून फ्रेम करून हवा होता. तिच्या जन्माच्या वेळचा सूर्य, म्हणून. सांगताना त्याचे डोळे चमकत होते. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि शनिवारी देते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले, पास्कूबाबा. उभा जन्म बोटीवर गेलेला माणूस. आधी स्टुडिओतले फोटो पाहत बसले, पंख्याखाली घाम पुसला, मग कॉम्प्युटरवर तो फोटो दाखवायला सांगितला. बराच वेळ पाहत राहिले.

"पोरगी पुनवेची हाय, मॅडम," ते म्हणाले. "पुनवेला दुपारला भरती, सांजेला सुकती. बोटी चिखलात पडतात. हितं तर पानी धक्क्याला लागलंय. हा त्या दिसाचा नाय."

मी फोटोतल्या पाण्याकडे पाहिलं. चंद्राच्या तिथीप्रमाणे भरती-ओहोटीची वेळ रोज सरकते. आठवड्यात ती पार उलटी होते. वीस वर्षं किनाऱ्यावर उभी राहून मला हे सुचलं नव्हतं आणि कोळीवाड्यात ते शेंबड्या पोरालाही कळतं.

"कुनाला फसवायला नाय केलंत, ठाव हाय मला," ते उठता उठता म्हणाले. "पन पोरीच्या भिंतीवर दुसऱ्या दिसाचा सूर्य नको."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गेल्यावर मी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं काढली. ३१ तारखेच्या दहा-बारा फ्रेम अजून होत्या. त्यातली एक निवडली: राखाडी आभाळ, कलंडलेल्या बोटी, डबक्यातला तो गुलाबी. नाव, तारीख, वेळ घातली आणि शनिवारी स्वतः घेऊन त्यांच्या घरी गेले. काय केलं ते सगळं सांगून टाकलं.

विल्सनचा चेहरा पडला. बाप्तिस्म्याला आलेल्या पाहुण्यांना हे चिखलाचं चित्र कसं दाखवायचं, असं तो पुटपुटला. त्यात त्याची काही चूक नव्हती. पास्कूबाबा दाराशी उभे होते.

विल्सनची बायको रीना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं फ्रेम मागून घेतली आणि पाहतच राहिली.

"मी सांगत होते ना," ती नवऱ्याला म्हणाली, "सूर्य नव्हताच."

मग तिनं मला सांगितलं. हॉस्पिटलची खिडकी पश्चिमेला होती. दुपारपासून ती तिकडेच नजर लावून होती. बाहेर सगळं राखाडी, सांज होताना फक्त खाली एक गुलाबी रेघ. कळ आली की ती त्या रेघेकडे पाहायची. दुसऱ्या दिवशी पेपर आला, त्यात लालभडक सूर्य. सगळे म्हणाले, वेणांमध्ये तुला कसलं भान होतं. हळूहळू तिलाही ते पटलं.

"मला वाटलं, बाळ झालं ती वेळच मला नीट आठवत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मलाही आवरलं नाही.

सोमवारी मी आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, सूर्याबद्दल खुलासा कसा छापायचा. खुलासा आला नाही. पुढची दोन वर्षं शेवटच्या सूर्यास्ताचं काम मात्र दुसऱ्या कुणाला गेलं, आणि ते योग्यच झालं.

आता मी प्रत्येक फोटोखाली तारीख स्वतः लिहिते. सूर्य दिसला नसेल तर दिसला नाही, असंही लिहिते. तसे फोटो सहसा कुणी छापत नाही. पण कॅलेंडरवरचा कुठलाही दिवस कुणाच्या ना कुणाच्या घरचा असतो. त्याचं आभाळ आपण परस्पर बदलायचं नसतं.