हिंग नसलेला भात

"बसा भाऊ, भात टाकस."

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्कांच्या दारात तुम्ही कशासाठीही उभे राहा, वीजबिल द्यायला किंवा नुसता पत्ता विचारायला, हे वाक्य ऐकल्याशिवाय परत जाता येत नसे. टाकस म्हणजे टाकते. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. जळगावात अर्धं आयुष्य गेलं तरी त्यांची अहिराणी सुटली नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत तांदळाच्या डब्याचं झाकण निघालेलंही असे.

खानदेशातल्या वाचकांना यातलं नवल लगेच कळेल. आपल्याकडे जेवण म्हणजे भाकरी, पोळी, बट्टी. भात शेवटी, ताकापुरता. फार तर रात्री खिचडी. अक्कांच्या घरी मात्र दोन्ही वेळा भातच. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि मुलगी वैशाली. गल्लीतल्या बायका थट्टा करत, "अक्का, तुमचं माहेर कोकणात का हो?" अक्का हसत म्हणत, "भाकरी थापीसन हात दुखतस, बाई."

पण भात कंटाळवाणा नसे. गिलकी, म्हणजे घोसाळी, निघाली की गिलक्याचा भात: तेलात ठेचलेला लसूण, लाल मिरची, गिलक्याच्या फोडी, वरून दाण्याचं कूट. हिवाळ्यात भाजलेल्या वांग्याचा गर भातात कालवलेला, कांद्याच्या पातीसकट. यावलहून कोणी कच्ची केळी आणली की त्यांची रस्साभाजी. रस्सा दाट करायला त्या डाळीचं पीठ न लावता शिजलेला भातच हाताने कुस्करून घालत.

मी रविवारी स्वयंपाक करतो आणि मला प्रमाण लागतं. मी विचारायचो, "पाणी किती?"

"तांदुळवर बोटनं एक पेर."

मी घरी येऊन तेच पाणी वाटीने मोजलं. वाटीला सव्वादोन वाट्या भरलं. ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग बोटच बरं ना भाऊ, ते धुवाले सोपं."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्यांच्या फोडणीत हिंग नसे. वरणात नाही, खिचडीत नाही. मी एकदा चेष्टेने म्हणालो, "अक्का, हिंगाची डबी मी आणून देतो." दुसऱ्यांदा म्हणालो, तिसऱ्यांदाही म्हणालो. तेव्हा त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"डबीतल्या हिंगमा गहूनं पीठ राहस भाऊ. पोरले गहू चालत नही."

वैशालीला लहानपणापासून हा त्रास होता. घासभर पोळी पोटात गेली तरी ती आठवडाभर आडवी. आधी ज्वारीची भाकरी करून पाहिली; पण गिरणीत ज्वारी गव्हामागून त्याच जात्यावर पडते, तेवढ्यानेही पोट बिघडायचं. तांदूळ गिरणीत न्यावाच लागत नाही. म्हणून दोन्ही वेळा भात, आणि मुलगी एकटी पडू नये म्हणून अक्काही तेच जेवत.

"मग यात लपवण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"पोरनं लगीन कसं व्हई?" अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "पोळी न खाणारी सून कोण करी? कोणले सांगू नका. माले लाज वाटस."

लाज हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू दुखणं नव्हे, घरात काही चोरीचं सापडलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात वैशाली उभी होती. तिने ते ऐकलं आणि पातेलं उचलून आत गेली.

स्थळ धुळ्याचंच आलं. बघायला आले तेव्हा कांदेपोहे होते. वैशालीने सगळ्यांबरोबर बसून ते पोटभर खाल्ले आणि अक्कांचा चेहरा उजळला. मुलाच्या आईने विचारलं, "खापरावरची पुरणपोळी येते का मुलीला?" अक्का म्हणाल्या, "उत्तम येते." ते खोटं नव्हतं. गल्लीतल्या बायकांकडे शिकलेली वैशाली तापल्या मातीच्या खापरावर टाकायची पोळी हातावर इतकी पातळ फिरवायची की बघत राहावं. चव मात्र तिने कधी घेतली नव्हती.

लग्न जळगावात झालं. पंगतीत नवरानवरीच्या ताटाशी आम्ही शेजारी म्हणून जवळच बसलो होतो. घास भरवायची वेळ आली आणि मुलाची आई हातात स्टीलचा डबा घेऊन पुढे आली. "हॉलच्या जिलबीचा घास नको. मी स्वतः खापर तापवून पोळ्या केल्यात. धुळ्यापासून मांडीवर डबा धरून आणलाय. पहिला घास सासूच्या हातचा." तिने तुपात बुडवलेला तुकडा उचलला.

वैशालीने आईकडे पाहिलं. अक्कांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. मग मला दिसलं, वैशालीच्या मुठीत रुमाल होता. घास तोंडात धरायचा आणि तोंड पुसल्यासारखं करून रुमालात काढायचा, असं मायलेकींचं ठरलं होतं.

सासूबाई घास देऊन हटल्या असत्या तर ते निभलंही असतं. पण त्या हौशी. नवरीच्या हनुवटीला हात लावून, तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. "गीळ, बेटा. कशी झालीय सांग."

रुमाल अर्ध्यात थांबला. वैशालीने डोळे मिटले. ती आता गिळणार, हे मला कळलं आणि मी मान खाली घातली.

"थुकी दे!" अक्का उभ्या राहिल्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज सगळ्या पंगतीला ऐकू गेला. "विहीणबाई, पोरले गहू चालत नही. लहानपणपासून. मी सांगं नही. चूक मनी शे, पोरनी नही."

वाढपी वाढायचे थांबले. वैशालीने घास रुमालात काढला. अक्का पदर चाचपत तशाच उभ्या होत्या.

सासूबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे. "आधी सांगतीस ना बाई! मी काय खाई टाकती व्हती का तुले?" त्या खरोखर रागावल्या होत्या. "आता पोरगी जेवेल काय?"

अक्कांनी खुर्चीखालची पिशवी ओढली. त्यात वैशालीसाठी लपवून आणलेला डबा होता. गिलक्याचा भात. नवऱ्या मुलाने त्यातलाच घास भरवला. लोक हसले, टाळ्याही झाल्या. एवढ्या वर्षांची धास्ती एका डब्यात संपली.

त्या टाळ्यांत वैशाली आईला हळूच म्हणाली, "म्हणजे हे सांगता येत होतं."

अक्का त्या पंगतीत पुन्हा बसल्या नाहीत.

पुढे त्यांनी घर विकलं आणि धुळ्याजवळ भावाकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यात कामासाठी धुळ्याला गेलो तेव्हा वैशालीकडे डोकावलो. स्वयंपाकघरात तिच्यासाठी वेगळं जातं, वेगळा तवा. हे सगळं सासूबाईंनी केलेलं. त्याच मला म्हणाल्या, "तुमच्या अक्कांना समजावा. येतात, दारापाशी बसतात, पाणी पिऊन जातात. मी दरवेळी ताट वाढते. म्हणतात, कोणत्या तोंडाने जेवू?"

वैशाली खिडकीबाहेर बघत होती. "मी जाईन आईकडे," ती म्हणाली. कधी, ते तिने सांगितलं नाही.

तिथून मी अक्कांकडे गेलो. भावाचं घर भरलेलं, चुलीवर बट्टीची तयारी. अक्कांचा स्टोव्ह मागच्या पडवीत वेगळा. मला बघताच म्हणाल्या, "बसा भाऊ, भात टाकस."

फोडणी झाली. लसूण, मिरची, गिलकी. हिंग नव्हता. हाताशी गव्हाचा कणही नव्हता. फडकंसुद्धा त्यांनी वेगळं खुंटीला टांगलं होतं.

"अक्का, इथे तर तुम्ही एकट्याच जेवता. आता कोणापासून लपवायचं आहे?"

"लपाडत नही भाऊ," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पोर कधी अचानक दारमा उनी तं?"

मग त्यांनी भातावर झाकण ठेवलं. पातेलं दोघांना पुरून उरेल एवढं होतं. मी जेवून निघालो तेव्हा उरलेला भात त्यांनी एका लहान डब्यात काढला, घट्ट झाकला आणि दारातून पटकन हाताला येईल असा फळीवर ठेवला.